केसोपंतांची तेरावी पाटी

केसोपंतांच्या शाळेत मुलं बारा होती आणि धूळपाट्या तेरा.

बारा पाट्यांपुढे बारा मुलं मांडी घालून बसत. तेरावी पाटी पडवीच्या टोकाला, खांबाजवळ मांडलेली असे. तिच्यापुढे कोणीच नसे. तरी तिच्यावर विटेची भुकटी रोज नव्याने पसरलेली, हाताने सपाट केलेली आणि बोटात धरायची काडी शेजारी ठेवलेली. सकाळी केसोपंत बाराही मुलांना नावाने हाक मारत. मग खांबाकडे बघत आणि थांबत. हाक मारत नसत, नुसते थांबत. कोणीतरी "आले" म्हणेपर्यंत थांबावं तसे. मग मान हलवून म्हणत, "हं. चला."

नव्या मुलाला हे पहिल्या दिवशी चमत्कारिक वाटे. दुसऱ्या दिवसापासून तो खांबाच्या बाजूला बसायला तयार नसे.

मी केसोपंतांची शेजारीण. कसब्यात आमच्या घराची आणि त्यांच्या घराची भिंत एक, विहीरही एक. चौदाव्या वर्षी मी सासरी नांदायला आले, तेव्हा माझं जात्याचं दगडी जोतं नेमकं त्या भिंतीला लागून होतं. पलीकडे पडवी. त्यामुळे केसोपंतांची शाळा मी पाहिली त्यापेक्षा ऐकली जास्त. माझे वडील सासवडचे जोशी. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून ग्रहांची गणितं मांडताना मला शेजारी बसवून घेत. आकडे मला येत होते. सासरी निघताना आईने बाकी सगळं सांगून झाल्यावर हळूच सांगितलं होतं, "आणि आकड्यांचं कोणाला कळू देऊ नकोस हो." मीही देणार नव्हते. मला सासरी राहायचं होतं.

केसोपंत उंच, वाकलेले, शेंडी कायम सुटलेली. पुण्यातले दुसरे पंतोजी पोरांना छडीने शिकवत. केसोपंतांकडे छडी नव्हती, पण त्यांचं त्रैराशिक छडीपेक्षा वाईट. त्यांच्या उदाहरणातल्या प्रत्येक माणसाला नाव असे, गाव असे, आणि एखादं दुखणं असे.

"भिकाजी गवंडी एक भिंत आठ दिवसांत बांधतो. त्याच्या जोडीला शिदू गवंडी दिला. तोही तसाच हुशार. तर भिंत किती दिवसांत होईल?"

"चार!" बारा गळे.

"नऊ," केसोपंत म्हणत. "शिदू भिकाजीचा मेहुणा. दोघांचं बोलणं नाही. एक दिवस तर भांडणातच जायचा."

एकदा एका मुलाचे वडील तावातावाने आले. शनिवारातले मोठे कारकून होते. म्हणाले, "पंतोजी, त्रैराशिकाप्रमाणे चार येतात."

"येतात ना," केसोपंत शांतपणे म्हणाले. "त्रैराशिकाला मेहुणे नसतात."

कारकून परत गेले. त्यांना मेहुणे होते, असं मागाहून कळलं.

पोरांनी घाईने उत्तर फेकलं की केसोपंत म्हणत, "माणूस आहे तो, आकडा नव्हे. जरा त्याच्याकडे बघ." आणि उदाहरणात कोणाचं वाईट झालेलं त्यांना खपत नसे. वीस मेंढ्यांतल्या तीन लांडग्याने नेल्या, असं त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या तीन मेंढ्या मामाकडे जात. आमचे सात वर्षांचे भावजी त्या शाळेत होते. ते घरी येऊन गंभीरपणे विचारत, "वहिनी, मेंढ्यांना मामा असतो?"

हसू येईल असंच हे सगळं. पण भिंतीपलीकडे पाढे सुरू झाले की माझं हसणं थांबे. मुलं एका सुरात पावकी म्हणत, निमकी म्हणत. प्रत्येक ओळ संपली की तिचा शेवटचा शब्द पुन्हा एकदा येई, अगदी बारीक, अर्धा श्वास उशिरा. मी जातं थांबवून ऐकत असे. विहिरीतून आवाज घुमत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. विहिरीतून घुमलेला आवाज बारा गळ्यांचा यायला हवा. हा एका गळ्याचा होता.

भावजींच्या शिकण्याबद्दल सासूबाईंनी केसोपंतांशी ठरवून घेतलं होतं, की शाळेची झाडलोट आणि सारवण आमच्या घरून होईल. म्हणजे माझ्याकडून. रोज दुपारी मुलं जेवायला घरी जात, केसोपंत नदीवर स्नानाला जात, आणि मी केरसुणी घेऊन त्या रिकाम्या पडवीत जाई. पाट्या उचलायच्या, झाडायचं, पाट्या परत मांडायच्या. तेरावी पाटी मात्र मी भरभर उचलून ठेवत असे. तिच्या जागची जमीन उन्हाळ्यातही गार लागे. खांबाच्या सावलीमुळे असेल.

जेवणाच्या सुट्टीआधी केसोपंत एक उदाहरण सांगत. त्याचं उत्तर मुलांनी घास चावताचावता शोधायचं आणि दुपारी येऊन पाटीवर मांडायचं. मग ते एकेक पाटी बघत जात, आणि बारावी झाली की तेरावीसमोर बसत. खाली वाकून ती कोरी भुकटी बघत. भावजी सांगत, "खूप वेळ बघतात. मग म्हणतात, 'बरं. उद्या सांग.'"

एके दिवशी उदाहरण हौदाचं होतं. "एक हौद. कात्रजहून पाणी आलंय. मोठ्या तोटीने तो तीन घटकांत भरतो, लहान तोटीने सहा घटकांत. दोन्ही तोट्या एकदम सोडल्या, तर किती घटकांत भरेल?"

भिंतीपलीकडून "नऊ!" आलं, "साडेचार!" आलं. एक जण म्हणाला, "आमच्या आळीत पाणी येतच नाही." मी पीठ भरता भरता मांडून पाहिलं. सहा घटकांत मोठी तोटी दोन हौद भरील, लहान एक. सहा घटकांत तीन हौद. म्हणजे एक हौद दोन घटकांत. इतकं सोपं होतं, आणि बारा पोरांतल्या एकालाही येत नव्हतं.

दुपारी मी पडवी झाडली. तेरावी पाटी जागेवर ठेवली. काडी शेजारीच होती. माझ्या हाताला राहवलं नाही. मी दोनाचा आकडा काढला आणि परसदारातून घरी पळाले.

त्या दिवशी भिंतीपलीकडे जी शांतता पसरली, तशी मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाही. मग केसोपंतांचा आवाज आला, अगदी हळू.

"शाब्बास."

आणि लगेच बारा मुलं एकदम किंचाळली. भावजी धावत घरी आले ते थेट देवघरात शिरले आणि तिथेच बसून राहिले.

पुन्हा लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी केसोपंतांनी विचारलं, "सात बहिणी. प्रत्येकीला एक भाऊ. तर भावंडं किती?" पोरं म्हणाली चौदा. आठ लिहिल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

असं दोन-अडीच महिने चाललं. उदाहरणं हळूहळू अवघड होत गेली, पोरांना झेपणार नाहीत इतकी. मला जातं ओढताना ती पुरत. शाळेतल्या मुलांचंही भलंच झालं, कारण भीतीने का होईना ती वेळेवर येऊ लागली. एरवी निमकीत अडखळणारा एक मुलगा साडेतिनांच्या औटकीपर्यंत घडाघडा म्हणू लागला. तो म्हणे, "चुकलो तर मागून कोणीतरी सांगतं." हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पाटीवर मी लिहीत होते. मागून सांगणारी मी नव्हते.

गावात बोलणं सुरू झालं. शाळेच्या उंबऱ्यावर कोणीतरी लिंबू ठेवून गेलं. केसोपंतांनी त्याचं सरबत केलं. मुलं मात्र गळू लागली. बाराची आठ झाली. मेहुणेवाल्या कारकुनांनी आळीतल्या चार मोठ्या माणसांना जमवलं, आणि मांत्रिक आणून पडवी बांधून घ्यावी, नाहीतर पंतोजींना दुसरीकडे जायला सांगावं, असं ठरत आलं. मला वाटलं, आता थांबावं. तेवढ्यात ते उदाहरण आलं.

त्या दिवशी केसोपंतांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"एक मुलगी बापाच्या घरून डोलीत बसून सासरी निघाली. आठ वर्षांची. सासर बत्तीस कोस. अंगात थोडा ताप, म्हणून भोई दिवसाला चारच कोस चालतात. दोन दिवस चालायचं, तिसऱ्या दिवशी पुरा मुक्काम. तर ती कितव्या दिवशी पोचेल?"

मुलं बोटं मोजू लागली. आणि केसोपंतांनी, बहुधा खांबाकडे वळून, वेगळ्याच सुरात विचारलं, "पोचलीस का?"

माझ्या हातातला खुंटा सुटला. मी सासूबाईंकडे गेले. त्या पडवळ चिरत होत्या.

"सासूबाई, पंतोजींना मुलगी होती का?"

"होती. दुर्गी. बायको आधीच गेलेली, ही एकुलती एक. शाळेत त्या खांबापाशी बसायची. सासरच्यांनी पहिल्या सणाला बोलावलं, यांनी पाठवली. वाटेतच गेली. दहा वर्षं झाली असतील." त्यांनी विळीवरून नजर उचलली. "पाटीवर तीच लिहिते म्हणतात. तुला कशाला चौकशा? नारळ खवायला घे."

मी नारळ खवायला घेतला आणि बोट कापून घेतलं. अडीच महिने मी एका बापाला त्याच्या मेलेल्या मुलीच्या नावाने उत्तरं देत होते. आणि आज त्याने तिला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचा अधिकार मला नव्हता. उत्तर मला येत होतं. पहिल्या तीन दिवसांत आठ कोस, नऊ दिवसांत चोवीस, मग आणखी दोन दिवस. अकरा. पण मी दुपारी पाटी उचलली, झाडलं, पाटी ठेवली आणि काडीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी केसोपंतांनी तेच उदाहरण सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तेच. भावजी म्हणाले, "आता ते बाकीच्यांच्या पाट्या बघतच नाहीत. सरळ खांबापाशी जाऊन बसतात. जेवतही नसावेत." तिसऱ्या दिवशी दुपारी मला ते नदीकडून येताना दिसले. धोतर कोरडं होतं. स्नानाला गेले होते आणि काठावर नुसते बसून आले होते.

चौथ्या दिवशी मी घरीच थांबले. सासूबाईंना सांगितलं, बोट दुखतंय, आज झाडायला जात नाही. दुपारची शाळा भरली. पाढे सुरू व्हायच्या आधीच पडवीतून पोरांच्या धावण्याचा आवाज आला. भावजी उंबऱ्यात येऊन उभे राहिले. "वहिनी, पाटीवर..." एवढंच म्हणाले.

सासूबाई पुराणाला गेल्या होत्या. मी डोक्यावरून पदर घेतला आणि परसदारातून पडवीत गेले. लख्ख दुपार होती. सात-आठ पाट्या पोरांनी पळताना पालथ्या पाडलेल्या. केसोपंत तेराव्या पाटीसमोर बसले होते. मी पाहिलं. भुकटीत दोन आकडे होते. दोन एक. अकरा.

"पंतोजी," मी म्हणाले. परक्या पुरुषाशी मी एवढं मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होते. "माझं चुकलं. हौदापासून सगळी उत्तरं मी लिहिली. तुमची मुलगी नव्हे. मला क्षमा करा, आणि घरी सांगू नका."

त्यांनी वर पाहिलं नाही. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पाटीच्या कडेला पीठ लागलं होतं. पोरांच्या हाताला विटेची भुकटी असते, पीठ नसतं. भिंतीपलीकडे जातं थांबायचं, तेव्हा मी समजायचो, आता मांडते आहे. जातं पुन्हा सुरू झालं की आलं उत्तर."

"मग रोज 'शाब्बास' कोणाला म्हणत होतात?"

"ज्याने उत्तर काढलं त्याला म्हणतात. आणखी कोणाला म्हणणार?" मग म्हणाले, "तुझ्याचसाठी अवघड करत गेलो. या पोरांना कुठली झेपतात?"

त्यांनी पाटीकडे बोट केलं.

"पण आज हे उलटे एक का काढलेस?"

मी वाकून पाहिलं. दोन्ही एक उलटे होते. आरशात दिसावेत तसे, गाठ दुसऱ्या अंगाला.

"मी काढलेच नाहीत," मी म्हणाले. "आज मी इकडे आलेच नाही. चार दिवसांत काडीला हात लावला नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. पडवीत आम्ही दोघंच होतो. विहिरीवरचा रहाट वारा नसताना एकदा करकरला आणि थांबला.

"दुर्गी एक उलटा काढायची," केसोपंत म्हणाले. "दोन सरळ, तीन सरळ, नऊसुद्धा सरळ. एक तेवढा उलटा. मी हात धरून गिरवून घ्यायचो, तरी उलटाच." मग पाटीकडे बघत म्हणाले, "निघताना रडत होती. अंगात कसर होती. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी तुला उदाहरण घालतो, डोलीत बसून सोडव, म्हणजे वाट कळणार नाही. हेच उदाहरण. मी बरोबर गेलो नाही. शाळा होती ना. वीस दिवसांनी दोन ओळींचं पत्र आलं. 'वाटेत ज्वर वाढला. देवाज्ञा झाली.' कुठल्या मुक्कामावर, कितव्या दिवशी, काही नाही. रानात कुठेतरी, परक्या भोयांच्या समोर... ते मला विचारायला जायचं धैर्य झालं नाही. दहा वर्षं झालं नाही."

"मग आता जा," मी म्हणाले. माझं मलाच नवल वाटलं. "तिथे जाऊन विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला कुलूप होतं. आळीत कोणी म्हणालं, मांत्रिकाला भिऊन गेले. कोणी म्हणालं, मुलीने नेलं. त्या आठही मुलांना मी एकेकदा आडून विचारलं. पुढे ती मोठी झाली, बाप झाली, तेव्हा पुन्हा विचारलं. अकरा त्यांच्यापैकी कोणी लिहिले नव्हते. भावजींनी तर शपथ घेतली. मी कोणाला पटवायला हे सांगत नाही. मला पटलंय, असंही मी म्हणत नाही.

दीड महिन्याने, ऐन दुपारी, मी विहिरीवर होते. केसोपंत परसदारातून आले. पाय धुळीने माखलेले, खांद्यावर पडशी, चेहरा उन्हाने काळा पडलेला. मी घागर पुढे केली. ते घटाघटा प्यायले आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसले.

"पोचली होती," ते म्हणाले.

मी दोर तसाच धरून उभी राहिले.

"पत्रात दोन वाक्यं होती. मी त्यांचं एक केलं. ज्वर वाटेत वाढला. देवाज्ञा झाली ती घरी, पोचल्यावर दोन दिवसांनी. विहीणबाई अजून आहेत. डोळे गेलेत. मी नाव सांगताच रडायला लागल्या. म्हणाल्या, दोन्ही दिवस पोर माझ्या मांडीवर होती, खाली ठेवलीच नाही. तुम्ही याल म्हणून आम्ही वाट पाहिली. आला नाहीत. मग वाटलं, रागावलात."

त्यांनी पडशी खाली ठेवली.

"डोलीतून उतरल्यावर पहिलं काय विचारलं माहीत आहे? 'आज कितवा दिवस?' विहीणबाईंनी मोजून सांगितलं, अकरावा. तर हसली म्हणे. एवढ्या तापात हसली. म्हणाली, 'मग माझं उत्तर बरोबर आलं. बाबांना कळवा.'" "कळवायचं राहून गेलं त्यांच्याकडून. घरात प्रेत असताना कोणाला सुचतंय."

आतून सासूबाईंची हाक आली, "अगो, पाणी आणतेस की विहीर खणतेस?" मी घागर उचलली.

"थांब," केसोपंत म्हणाले. "इतके दिवस तुझी उत्तरं घेतली आणि एक गोष्ट विचारायची राहिली. उद्या शाळा भरवतोय. रोज तेरावी हाक तुला मारायची, तर काय म्हणून मारू? मुली, तुझं नाव काय?"

लग्नात माझं नाव बदललं होतं. चार वर्षं मला सगळे नव्याच नावाने ओळखत होते, आणि त्या नावानेसुद्धा कोणी हाक मारत नव्हतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते वडिलांनी ठेवलेलं.

"चिमा," मी म्हणाले.

"चिमा," केसोपंतांनी म्हणून पाहिलं, आणि मान हलवली.